गुडघ्यातलं पाणी काय सांगतं?

श्रावणातली दुपार होती. लॅबच्या काउंटरवर एक तरुण हेल्मेट काखेत धरून उभा राहिला. खिशातून रुमालात गुंडाळलेल्या तीन बाटल्या काढल्या आणि म्हणाला, "बाबांच्या गुडघ्यातलं पाणी आहे. डॉक्टर म्हणाले, पळत जा. एवढी घाई कशाची असते हो यात?"

बाबांचं वय ६४, मधुमेह जुना. पंधरा दिवसांपूर्वी पायाच्या अंगठ्याला ठेच लागून जखम झालेली. चार दिवसांपासून ताप आणि उजवा गुडघा टम्म सुजलेला. गावात तेव्हा घरटी एक माणूस चिकनगुनियाने लंगडत होता, त्यामुळे घरच्यांनी निदान करूनच टाकलं होतं. शेक झाला, तेल चोळून झालं, जवळच्या दवाखान्यातून दोन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्याही झाल्या. चौथ्या दिवशी पाय जमिनीला टेकवेना, तेव्हा मंडळी हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आधी सुईने पाणी काढलं, मग बाकीचं बोलले.

त्या मुलाला मी काउंटरवर पाच मिनिटांत जे सांगितलं, ते फारच तुटक होतं. इथे नीट सांगतो.

सांध्यात पाणी असतंच

पहिला गैरसमज इथेच. "गुडघ्यात पाणी झालं" असं आपण म्हणतो, जणू एरवी गुडघा कोरडा असतो. गुडघ्यात नेहमीच थोडं पाणी असतं, पण ते जेमतेम तीन-चार मिलीलीटर, म्हणजे चहाचा चमचाही पुरता भरणार नाही इतकं. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं. ते हा द्रव तयार करतं आणि जुना शोषूनही घेतं. हा द्रव फिकट पिवळसर, स्वच्छ आणि चिकट असतो. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या स्विस वैद्याने त्याला 'सायनोव्हिया' हे नाव दिलं. त्यातला 'ओव्हा' म्हणजे अंडं. कच्च्या अंड्यातला पांढरा भाग बोटावर घेऊन बघा, नाव का पडलं ते कळेल.

हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचं खाणंपिणं या द्रवातूनच होतं. म्हणजे वंगण आणि जेवण दोन्ही एकच. म्हणूनच हा द्रव नासला की कूर्चेवर संकट येतं.

जंतू आत पोचतात कसे, आणि घाई कशाची?

सांध्यात जंतू शिरून तो पिकतो, त्याला डॉक्टर सेप्टिक आर्थ्रायटिस म्हणतात. मी 'पिकलेला सांधा' म्हणेन. गळू पिकतं तसाच, फक्त आतल्या आत.

बहुतेक वेळा जंतू रक्तातून येतात. अंगठ्याची जखम, पाठीवरचं गळू, लघवीचा संसर्ग, कुठूनही. शरीरात बहुतेक ठिकाणी अस्तराखाली एक पातळ पडदी असते, ती जंतूंना थोपवते. सांध्याच्या अस्तराखाली ती नाही. रक्तातून फिरणारा जंतू इथे सहज आत उतरतो. मोठ्या माणसांत निम्म्याच्या आसपास वेळा गुडघाच सापडतो. जंतूंमध्ये पहिला मान स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा. आपल्या त्वचेवर आणि नाकात राहणारा हा जुना भाडेकरू.

आता घाईचं कारण. जंतूंना मारायला पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्यापाशी जी पाचक रसायनं असतात ती सांडतात. जंतू मरतात, पण ती रसायनं कूर्चाही विरघळवतात. हे काही महिन्यांत होत नाही, काही दिवसांत होतं. कूर्चा एकदा गेली की परत उगवत नाही. म्हणून अशा सांध्यात नुसतं औषध देऊन भागत नाही, आतला पूही बाहेर काढावा लागतो. उशीर झालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा सांधा कायमचा अडखळतो. आणि हा आजार फक्त सांध्यापुरता नाही. मोठ्या माणसांत यात दहापैकी सुमारे एक रोगी दगावतो, कारण जंतू रक्तातही असतात.

"चिकनगुनियाच असेल, सगळ्यांनाच झालाय"

महाराष्ट्राने २००६ ची साथ पाहिली आहे, पुण्याने २०२४ मध्ये पुन्हा पाहिली. त्यामुळे ताप आणि सांधेदुखी म्हटलं की तोंडात पहिलं नाव चिकनगुनियाचं येतं, आणि साथीच्या दिवसांत ते बहुधा बरोबरही असतं. पण चिकनगुनिया सहसा एका सांध्यावर थांबत नाही. मनगटं, बोटं, घोटे, दोन्ही बाजूंचे, सगळेच ठणकतात. एकच सांधा सुजलाय, हाताला गरम लागतोय, जरा हलवला तरी माणूस ओरडतोय, हे चित्र वेगळं आहे. अशा वेळी साथीचा आधार घेऊन वाट बघू नये.

आणि ताप नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. पिकलेल्या सांध्याच्या रोग्यांमध्ये ताप निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांना असतो. म्हातारी माणसं, मधुमेही, स्टिरॉइड घेणारे यांचं शरीर अनेकदा तापतच नाही. आधीच संधिवात असलेल्या रोग्याचा एकच सांधा बाकीच्यांपेक्षा अचानक जास्त भडकला, तर 'जुनंच दुखणं' म्हणून सोडून देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

रक्त तपासलं, एक्स-रे काढला, मग सुई कशाला?

कारण या दोन्ही तपासण्या दाराबाहेर उभ्या राहून आत काय चाललंय याचा अंदाज घेतात.

ईएसआर आणि सीआरपी या रक्तातल्या तपासण्या शरीरात कुठेतरी दाह आहे एवढं सांगतात. कशामुळे, ते सांगत नाहीत. गाउट म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांधा सुजण्याचा आजार. त्याच्या झटक्यातही सीआरपी चढतं, संधिवातातही चढतं. 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' नावाचं जे पॅकेज लोक स्वतःहून करून येतात, त्यात जंतू शोधणारी एकही तपासणी नसते. हे मी लॅबवाला असून सांगतोय. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे बहुधा सूज सोडून काही दाखवत नाही. हाड झिजलेलं दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. सोनोग्राफी आणि एमआरआय पाणी आहे हे छान दाखवतात, पण ते पाणी आहे की पू, आणि कोणत्या जंतूचा, हे त्या चित्रातून खात्रीने कळत नाही.

आतलं कळायचं तर आतलंच बाहेर काढायला हवं.

"वंगण काढलं तर गुडघा कोरडा पडेल ना?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. उत्तर सरळ आहे. सुजलेल्या गुडघ्यातून निघतं ते वंगण नसतंच. चमचाभराच्या जागी वाटीभर साठलेला, पातळ झालेला, पेशींनी भरलेला तो द्रव असतो. तो काढला तर ताण उतरतो, दुखणं लगेच कमी होतं. अस्तर नवं वंगण बनवतच राहतं. "एकदा काढलं की पुन्हा पुन्हा भरतं" असंही म्हणतात. पुन्हा भरतं हे खरं, पण सुईमुळे नाही. मूळ आजार तसाच आहे म्हणून. घरात छत गळत असेल आणि बादली रिकामी केली, तर ती पुन्हा भरणारच. त्यात बादली रिकामी करणाऱ्याचा काय दोष?

सुईनेच जंतू आत गेले तर? शक्यता आहे, पण नीट निर्जंतुक पद्धतीने काढलं तर ती दहा हजारांत एखादी. त्वचा चांगली स्वच्छ करणं आणि वरच्या कातडीवरच जर लालभडक संसर्ग असेल तर तिथून सुई न घालणं, एवढं डॉक्टर पाळतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असल्या तरी बहुतेकांचं पाणी काढता येतं. फक्त डॉक्टरांना आधी सांगा.

पहिली तपासणी डोळ्यांची

यंत्र चालू करण्याआधी आम्ही बाटली उजेडात धरतो. बाटलीमागे वर्तमानपत्र धरलं तर निरोगी द्रवातून अक्षरं वाचता येतात. दाह असेल तर अक्षरं धूसर होतात. पू असेल तर काहीच दिसत नाही, पाणी घट्ट ताकासारखं किंवा पिवळट-हिरवट दिसतं.

दुसरी गंमत तारेची. ज्यांनी गुलाबजामसाठी पाक केलाय त्यांना हे शिकवावं लागत नाही. निरोगी द्रवाचा थेंब सिरिंजमधून सोडला की एकतारी पाकासारखी लांब तार धरतो. दाह झाला की पेशींची रसायनं त्यातला चिकट पदार्थ तोडून टाकतात, मग थेंब पाण्यासारखे टपटप पडतात. तार तुटली म्हणजे दाह आहे. जंतूंचा की दुसरा कसला, हे तार सांगत नाही.

त्या मुलाने आणलेल्या पाण्याला तार नव्हती आणि बाटलीमागची अक्षरं दिसत नव्हती.

पेशी मोजणं

रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणारा आकडा म्हणजे पांढऱ्या पेशींचा.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पोलिस. शांत गल्लीत एखादा हवालदार फिरताना दिसतो. निरोगी सांध्यात एका मायक्रोलीटरला, म्हणजे मिलीलीटरच्या हजाराव्या भागाला, २०० पेक्षा कमी पेशी असतात. झिजेच्या गुडघेदुखीत हा आकडा साधारण २,००० च्या आत राहतो. त्यापुढे दाह सुरू झाला असं धरतात. ५०,००० च्या वर गेला की डॉक्टर जंतू समजून हालचाल करतात, आणि १,००,००० च्या वर तर फारशी शंका उरत नाही.

पण ५०,००० ही काही गावाची वेस नाही की अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोका. पिकलेल्या सांध्याच्या दहा रोग्यांपैकी तीन-चार जणांचा आकडा ५०,००० च्या खालीच असतो. उलट गाउटमध्ये किंवा संधिवाताच्या भडक्यात जंतू नसतानाही तो कधीकधी ५०,००० ओलांडतो. २५,००० च्या खाली असेल तर शक्यता बरीच कमी होते, पण शून्य होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांच्याकडे पोलिसच कमी, तर गल्लीत दिसणार कुठून?

म्हणून आकड्याबरोबर पेशींची जात बघतात. जंतूंवर तुटून पडणाऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. निरोगी पाण्यात त्या पाव हिश्शापेक्षा कमी असतात. ९० टक्के किंवा त्याहून जास्त झाल्या तर संशयाचं पारडं जड होतं, कमी असतील तर हलकं.

इथे आमच्या खोलीतली एक गोष्ट सांगतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हाताने मोजताना जो द्राव वापरतात, त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. तोच द्राव सवयीने सांध्याच्या पाण्यात घातला, तर दुधात लिंबू पिळल्यासारखं होतं. चिकट पदार्थ साकळतो, पेशी गुठळ्यांत अडकतात आणि आकडा खोटा पडतो. म्हणून इथे साधं सलाइन वापरायचं. फारच चिकट नमुना यंत्राची नळी तुंबवतो, त्यात आधी चिकटपणा तोडणारं एन्झाइम घालावं लागतं. रिपोर्टवर छापलेला आकडा एवढ्या भानगडींतून आलेला असतो.

त्या बाबांचा आकडा आला ४२,०००. न्यूट्रोफिल ९२ टक्के. म्हणजे नेमका त्या धूसर पट्ट्यात.

पाण्यातली साखर आणि प्रथिनं हीही काही रिपोर्टांत असतात. त्यांच्याकडे बघून निर्णय फारसा बदलत नाही. लॅक्टेट नावाचं आम्ल मात्र खूपच चढलेलं असेल तर संशय वाढवतं.

"युरिक अ‍ॅसिडचे खडे सापडले, म्हणजे सुटलो!"

गाउटमध्ये युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात जमतात. ते दाखवायची खात्रीची पद्धत १९६१ मध्ये अमेरिकेतल्या मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी मांडली. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली हे खडे अंधारात चमकतात, आणि एक खास काच मध्ये घातली की स्लाइड फिरवल्यावर तोच खडा पिवळ्याचा निळा होतो. दुसऱ्या प्रकारचे, चौकोनी-तिरके कॅल्शियमचे खडेही असतात. त्यांचे रंग बरोबर उलटे पडतात, आणि फिके. लॅबमधल्या एकसुरी दिवसात एवढं देखणं दुसरं काही नाही.

रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणून गुडघा गाउटचा, असं मात्र होत नाही. कित्येकांचं ते आयुष्यभर वाढलेलं असतं आणि सांधा एकदाही सुजत नाही. ऐन झटक्यात ते उतरलेलंही सापडतं. पाण्यात खडा दिसला तरच गाउटवर शिक्का.

आणि खरी फसगत यापुढे आहे. खडे सापडले म्हणजे जंतू नाहीत असं नाही. दोघं एकाच घरात राहू शकतात. गाउटने आधीच बिघडलेल्या सांध्यात जंतूंना बस्तान बसवणं उलट सोपं जातं.

बाबांच्या स्लाइडवर खडे दिसले. मोजकेच, पण पेशींच्या पोटात शिरलेले, अगदी पुस्तकातल्यासारखे. मुलाला फोनवर कळलं तेव्हा त्याने सुटकेचा श्वास सोडला. तो मला इकडे ऐकू आला.

स्लाइडवर जंतू दिसले नाहीत, मग?

१८८४ मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने जंतू रंगवायची एक पद्धत छापली. जांभळा रंग घालायचा, आयोडीनने पक्का करायचा, मग स्पिरिटने धुवायचा. काही जंतू रंग धरून ठेवतात, काही सोडतात. सोडणाऱ्यांना मग गुलाबी रंग देतात. एकशे चाळीस वर्षं होऊन गेली, ग्रॅम स्टेन अजून जगभर रोज होतो. अर्ध्या तासात कळतं. जांभळे गोल, द्राक्षांच्या घडासारखे दिसले तर स्टॅफिलोकॉकस.

दिसलं तर सोनं, न दिसलं तर काहीच सिद्ध होत नाही. पिकलेल्या सांध्यांपैकी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यांतच स्लाइडवर जंतू दिसतात. कारण साधं आहे. मिलीलीटरमध्ये निदान दहा हजार ते लाखभर जंतू असल्याशिवाय स्लाइडवरच्या थेंबात ते नजरेला पडत नाहीत. जत्रेच्या गर्दीचा एक फोटो काढला आणि त्यात आपला माणूस दिसला नाही, म्हणून तो जत्रेत नव्हता असं कोणी म्हणेल का?

बाबांच्या स्लाइडवर जंतू दिसले नाहीत. रिपोर्टवर आम्ही 'जंतू आढळले नाहीत' एवढंच लिहिलं. 'जंतू नाहीत' असं लिहिलं नाही. या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे.

कल्चर म्हणजे विरजण

कल्चर हा शब्द ऐकून लोक बिचकतात. आपल्या आज्या रोज तेच करायच्या. कोमट दुधात चमचाभर दही घातलं की रात्रीत भांडंभर दही होतं, कारण त्यातले जंतू वाढतात. आम्ही दुधाऐवजी जंतूंना आवडेल असं पोषक माध्यम वापरतो आणि साधारण ३५ ते ३७ अंशांवर ठेवतो. एका जंतूचे लाखो झाले की डोळ्यांना दिसतात, ओळखता येतात. मग त्यांच्यासमोर वेगवेगळी अँटिबायोटिक्स ठेवून कोणतं चालतं ते बघतात.

दही लागायला वेळ लागतो, तसाच इथेही. स्टॅफिलोकॉकस दिवसभरात उगवतो, औषधांची यादी यायला आणखी एखादा दिवस. काही उगवलं नाही तरी नमुना चार-पाच दिवस ठेवतात. "आज दिलंय, आज रिपोर्ट द्या, जास्त पैसे घ्या" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की पैसे दिले म्हणून दही लवकर लागत नाही.

आणि विरजणाचे नियम इथेही लागू. विरजण मेलेलं असेल तर दही लागणार नाही. पाणी काढण्याआधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल, तर जंतू अर्धमेले होतात. सांध्यात त्रास द्यायला पुरेसे जिवंत, पण माझ्या बाटलीत वाढायला नाखूश. कल्चर निगेटिव्ह येतं आणि डॉक्टरांना पुढचे काही आठवडे अंदाजाने औषध द्यावं लागतं. म्हणून क्रम आधी सुई, मग अँटिबायोटिक. एकच अपवाद. रोगी अत्यवस्थ असेल, रक्तदाब पडत असेल, तर औषध थांबवायचं नाही. पण तेव्हासुद्धा सुई शक्य तितक्या लवकर.

"मग रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस उपचाराविना राहायचं?" अजिबात नाही. पाणी काढून झालं की औषध सुरू. कल्चरमुळे दोन दिवसांनी ते औषध अचूक करता येतं, बस्स.

आधी औषध घेतलेलं नसलं तरी कल्चर दरवेळी बोलत नाही. नेहमीच्या जंतूंमध्ये दहापैकी आठ-नऊदा उगवतं. गनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराच्या जंतूमुळे झालेल्या संधिदाहात निम्म्या वेळाही नाही. म्हणून रक्ताचं कल्चरही सोबत पाठवतात. सांध्यातून उगवला नाही तो कधी रक्तातून उगवतो.

रिपोर्ट बाटलीत ठरतो

माझं मत विचाराल तर निदान चुकतं ते बहुतेकदा यंत्रात नाही, बाटलीत. सांध्याचं पाणी ही काही नळाची धार नाही की पुन्हा भरून आणा. रोग्याला पुन्हा टोचायचं म्हणजे पुन्हा तोच त्रास, आणि तोवर औषध सुरू झालेलं.

पेशी मोजायला जांभळ्या झाकणाची बाटली, कारण त्यातलं रसायन पाणी गोठू देत नाही. साध्या बाटलीत दाह असलेलं पाणी गोठतं, पेशी गुठळीत अडकतात. पण हीच जांभळी बाटली कल्चरला चालत नाही. कल्चरसाठी निर्जंतुक डबी, आणि त्याहून उत्तम म्हणजे थोडं पाणी सुईजवळच, रोग्याच्या खाटेशीच, ब्लड कल्चरच्या बाटलीत सोडणं. तिच्यात पोषक रस आधीच असतो, आणि काही बाटल्यांत अँटिबायोटिक शोषून घेणारे कण असतात.

चार थेंबच निघाले तर? फेकू नका. आधी कल्चर, मग स्लाइड. खड्यांसाठी एक थेंब पुरतो. मोजणी राहिली तरी चालेल.

वेळ. तासाभरात पोचलं तर उत्तम. पाच-सहा तास पडून राहिलं की पेशी फुटायला लागतात, आकडा खाली येतो, आणि जंतू असूनही रिपोर्ट सौम्य दिसतो. तालुक्याच्या गावातून नमुने गोळा करणारा माणूस संध्याकाळी फेरी मारतो आणि रात्री शहरात पोचतो, ही पद्धत रक्तातल्या कोलेस्टेरॉलला चालेल. पिकलेल्या गुडघ्याला नाही. सकाळी काढलेलं पाणी रात्री माझ्याकडे आलेलं मी पाहिलंय, सिरिंजला सुई तशीच लावलेली, वर नावसुद्धा नाही.

आणि चिठ्ठी. कोणता सांधा, अँटिबायोटिक सुरू झालंय का, मधुमेह आहे का, सांधा बदललेला आहे का, टीबीची शंका आहे का. नुसतं 'फ्लुइड फॉर रूटीन' लिहून आलं तर आम्ही रूटीनच बघणार.

टीबीचं गणित वेगळं

आपल्याकडे हा विषय टाळून चालत नाही. सांध्याचा टीबी हळू येतो. आठवडे, महिने. गुडघा किंवा खुबा सुजतो, पण फार गरम नाही, ताप असला तर बारीक. ग्रॅम स्टेनमध्ये टीबीचा जंतू दिसत नाही, नेहमीच्या कल्चरमध्ये उगवत नाही. त्याची वेगळी स्लाइड बहुतेकदा रिकामीच येते, आणि खास कल्चर सहा ते आठ आठवडे ठेवावं लागतं. जंतूचा जनुकीय माग काढणारी जीनएक्सपर्ट तपासणी काही तासांत उत्तर देते. याच जातीचं ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या कंपनीचं, आणि सरकारी टीबी कार्यक्रमात थुंकीसाठी ते ठिकठिकाणी वापरलं जातं. सांध्याच्या पाण्यात मात्र टीबीचे जंतू इतके विरळ असतात की ही तपासणीही कधी चुकते. मग अस्तराचाच छोटा तुकडा काढून बघणं जास्त भरवशाचं. महिनोन् महिने सुजलेल्या एकाच गुडघ्यात, हे काही न तपासता, स्टिरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधी दोनदा विचारा.

लहान मुलं आणि बदललेले गुडघे

लहान मूल खेळता खेळता लंगडायला लागलं, तर बहुतेकदा ते सर्दीतापानंतरचं साधं दुखणं असतं आणि आपोआप जातं. पण खुब्यातला पू तसा जात नाही. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, पाय टेकवायला नकार, ईएसआर ४० च्या वर, रक्तात पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर, ही चार लक्षणं बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मांडली. जितकी जास्त जमतील तितकी सुईची गरज वाढते. चार वर्षांखालच्या मुलांत किंगेला नावाचा एक जंतू सापडतो. तो साध्या प्लेटवर उगवायला नखरे करतो आणि ब्लड कल्चरच्या बाटलीत जास्त वेळा उगवतो.

बदललेल्या गुडघ्याला तर आधीचे सगळे आकडे विसरायचे. तिथे ५०,००० ची वाट बघत बसलात तर गेलात. जुन्या कृत्रिम सांध्यात ३,००० पेशी आणि ८० टक्के न्यूट्रोफिल एवढ्यावरही संशय घेतात. लघवी तपासायची साधी रंग बदलणारी पट्टी असते ना, तीच या पाण्यात बुडवून पांढऱ्या पेशींचा अंदाज घेतात, आणि ते चांगलं चालतं. पाण्यात रक्त मिसळलेलं असलं तर मात्र रंग वाचता येत नाही. इथले काही जंतू इतके सुस्त असतात की कल्चर दोन आठवडे ठेवावं लागतं. गुडघा बदललेल्या माणसाने सूज आली म्हणून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. आधी ज्यांनी तो बसवला त्यांना फोन करावा.

त्या तीन बाटल्यांचं काय झालं?

संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला. मी सगळं वाचून दाखवलं. ४२,०००, ९२ टक्के, गाउटचे खडे, स्लाइडवर जंतू आढळले नाहीत. पलीकडे क्षणभर शांतता. "अंगठ्याला जखम आहे, शुगर तीनशेच्या वर आहे. मी थांबत नाही, आज रात्री धुतो." त्यांनी दुर्बिणीने गुडघा धुऊन काढला आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या डबीतल्या पाण्याची प्लेट कोरी होती. दोन दिवसांच्या गोळ्यांनी काम केलं होतं. साडेअकराला, ब्लड कल्चरच्या बाटलीत सोडलेल्या त्याच पाण्यासाठी, यंत्राने बीप दिली. थेंब स्लाइडवर घेतला, रंगवला. जांभळे गोल, घडाघडाने. स्टॅफिलोकॉकस.

दीड महिन्याने तोच मुलगा वडिलांना घेऊन आला. म्हातारबुवा काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी चढून आले. युरिक अ‍ॅसिड आणि साखर बघायची होती. आमच्या लॅबमधल्या मुलीने हाताला पट्टा बांधला, तेवढ्यात पोरगा पुढे वाकून ट्रेमधल्या बाटल्या बघायला लागला. "ताई, यातली कुठली? जांभळी की लाल?"

"अहो, ते रक्त आहे," ती म्हणाली, "सरका जरा."